पत्र्यावरचा शेवटचा हात

जुना पिकअप बघायला जाल तेव्हा हौदा आधी खालून बघा. वरून सगळे हौदे सारखेच दिसतात: ओरखडे, कुणीतरी घाईत फासलेला रंग, कोपऱ्यात बसलेली माती. खरी हकिगत खाली असते. हौद्याच्या पत्र्याला खालून आडव्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने जोडलेल्या असतात. पत्रा आणि पट्टी यांच्यामध्ये जेमतेम कागद सरकेल एवढी फट राहते आणि त्या फटीत शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. पत्रा तिथून कुजत वर येतो. वरच्या रंगाला पहिला फोड दिसतो तोवर खालचा पत्रा बराच खाल्लेला असतो.

मी मिशिगनमध्ये राहतो, आणि इथे गंजाबद्दल बोलायचं तर मिठापासून सुरुवात करावी लागते. डेट्रॉईट शहराच्या पोटात, हजार फुटांहून खोल, मिठाची अवाढव्य खाण आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती सुरू झाली आणि अजून चालू आहे. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते चाकांनी उडतं आणि गाडीच्या प्रत्येक सांध्यात जाऊन बसतं. साठ-सत्तरच्या दशकातला, जन्मभर याच राज्यात राबलेला आणि तरीही हौदा शाबूत असलेला ट्रक म्हणूनच इथे दुर्मीळ आहे. माझा १९६९चा फोर्ड एफ-१०० अशांपैकी एक. तो ‘थंब’ भागातल्या एका शेतकऱ्याकडून आला. राज्याच्या नकाशावर अंगठ्यासारखा दिसणारा तो भाग साखरेच्या बीटच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. त्या शेतकऱ्याच्या आजोबांनी हिवाळ्यात ट्रक कोठाराबाहेर काढलाच नाही, म्हणून पत्रा वाचला.

मी हे ट्रक शोकेससाठी नीट करत नाही. वसंतात यातून बागेची माती येते, पावसाळी शनिवारी कुणाचं तरी कपाट जातं, गणपतीत इथल्या मराठी मंडळाचं मखर आणि पाट-चौरंग जातात. म्हणून हौद्याला लायनर, म्हणजे आतून संरक्षक थर, लागतो. जुने ट्रक जपणारे आमच्यातले काही जाणकार यावर नाराज असतात. कारखान्यातून निघताना या हौद्यांचा आतला रंग गाडीच्या रंगाचाच असायचा, त्यावर काळा खरखरीत थर चढवणं त्यांना भ्रष्ट वाटतं. त्यांचं म्हणणं मी समजतो. प्रदर्शनात उभा करायचा ट्रक असेल तर ते बरोबरच आहेत. पण हौदा ओझं वाहायला केलेला आहे, आणि ओझं वाहणाऱ्या पत्र्यावर नुसता रंग एक मोसम टिकत नाही. रंग गेला की मीठ, आणि मीठ आलं की पत्रा जातो. मला पत्रा हवा आहे.

मंडळातला एक तरुण मित्र मला नेहमी म्हणतो, “काका, कशाला एवढी दगदग? दुकानात द्या, दुपारपर्यंत फवारून मिळेल.” खरं आहे. ऱ्हायनो लायनिंग्ज, लाइन-एक्स अशा कंपन्यांची दुकानं गावोगाव आहेत. तिथे दोन द्रावणं, बऱ्याचदा तापवून आणि मोठ्या दाबाने, एकत्र फवारतात आणि थर काही सेकंदांत धरतो. नवी गाडी असेल, कारखान्याचा रंग अखंड असेल, तर मी स्वतः तिथेच पाठवीन. जुन्या पत्र्याची गोष्ट वेगळी. तो जाड, कडक थर एकदा बसला की खाली काय चाललंय ते कळायला वाव राहत नाही. रोलरने लावलेला थर त्या मानाने पातळ. खाली गंज धरला तर त्याला फुगवटा येतो, बोटाला जाणवतो. तेवढाच तुकडा खरवडून, साफ करून, पुन्हा लायनरचा हात मारता येतो. आणि दुसरं, मला जास्त महत्त्वाचं वाटणारं कारण: रोलर हातात घेण्याआधी पत्र्याच्या प्रत्येक वितीवरून माझा हात फिरलेला असतो.

लहानपणी कोल्हापूरला दारावर कल्हईवाला यायचा. भांडं आधी घासून, तापवून, नवसागराने उजळल्याखेरीज तो कथिलाला हात लावत नसे, कारण मळक्या तांब्यावर कल्हई धरतच नाही. लायनरचं अगदी तसंच आहे. डब्यावर काहीही छापलेलं असो, तो पत्र्याला चिकटत नाही, पत्र्यावर जे काही आहे त्याला चिकटतो. धुळीला चिकटला तर धुळीबरोबर निघून येतो.

म्हणून सगळा वेळ तयारीत जातो. शक्य असेल तर बोल्ट सोडून हौदा चासीवरून उचलून घ्यावा. जुने बोल्ट सुखासुखी निघत नाहीत, आदल्या रात्री तेल सोडून ठेवावं लागतं. हौदा निघाला की वरून-खालून भांड्यांच्या साबणाने धुवायचा, तेलकटपणा काढायचा, आणि मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून गंज उडवायचा. भोक पडलं असेल तर तिथे लांबी भरून भागत नाही, नवा पत्रा वेल्ड करावा लागतो. लांबी ओझ्याखाली तडकते आणि पाण्याला वाट करून देते. खोल खड्ड्यांत राहिलेल्या गंजावर कन्व्हर्टर लावतात. त्यातलं टॅनिक आम्ल लोखंडाशी संयोग पावतं आणि तांबूस डाग निळसर काळा होतो. तो रंग पालटताना बघण्यात मला अजूनही आनंद होतो. उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर. पुढच्या भिंतीच्या आणि तळाच्या सांध्यात सीम सीलर. मागची, फाळक्याजवळची फट मात्र बुजवायची नाही, पाणी तिथूनच बाहेर जातं. प्रायमर वाळला की ऐंशी नंबरच्या पॉलिश पेपरने तो खरखरीत करायचा. चकचकीत पृष्ठभागावर लायनर टिकत नाही. शेवटी झायलिनने पुसून घ्यायचं, आणि फडकं स्वच्छ निघेपर्यंत पुसत राहायचं.

रोलरने लावायचा लायनर म्हणजे पॉलियुरेथेन, बऱ्याचदा रबराचा चुरा कालवलेलं. हर्क्युलायनरसारखे एका डब्यातले प्रकार हवेतल्या बाष्पाने घट्ट होतात. रॅप्टरसारख्या दोन भागांच्या प्रकारात तीन भाग लायनरला एक भाग हार्डनर मिसळावा लागतो, आणि एकदा मिसळला की घड्याळ सुरू होतं. मिशिगनचा जुलै दमट असतो, तेव्हा एका डब्याच्या लायनरवर उघडल्यापासून थोड्याच वेळात साय धरू लागते. मी लागेल तेवढाच ट्रेमध्ये ओततो आणि डब्याचं झाकण लगेच लावतो. चुरा तळाला बसतो म्हणून दर खेपेला तळापासून ढवळतो. न ढवळता लावलं तर हौद्याचा एक भाग गुळगुळीत आणि शेवटचा कोपरा वाळूसारखा होतो.

आणि इथे एक गोष्ट ठासून सांगतो. या रसायनांत आयसोसायनेट असतात. श्वासावाटे ते शरीरात गेले तर दम्यासारखा विकार जडू शकतो, आणि एकदा शरीर त्यांना बिचकू लागलं की पुढे थोडासा संपर्कही सोसत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचे कार्ट्रिज असलेला मुखवटा, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मोकळी हवा, एवढं असल्याशिवाय डबा उघडू नये. कापडी मास्क यात काहीही कामाचा नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. हौद्याचा तळ सपाट नसतो, त्याला पुढून मागे पन्हळी असतात. सामान सरकतं ते पन्हळींच्या माथ्यावरून, झीज तिथेच होते. पण ओला लायनर माथ्यावरून ओघळून खोलगट भागात साचतो, म्हणजे जिथे जाड हवा तिथे पातळ होतो. म्हणून मी आधी ब्रशने कोपरे, सांधे आणि प्रत्येक पन्हळीचा माथा रंगवून घेतो. मग खरखरीत फोमचा रोलर लांबीच्या दिशेने फिरवतो. रोलरवर जोर द्यायचा नाही, त्याच्या स्वतःच्या वजनाने तो चालू द्यायचा. चिकटपणा थोडा उतरला की दुसरा हात, त्याच दिवशी, पहिल्याला आडवा. रोलर वर उचलताना बारीक टोकं उभी राहतात, मग ती किंचित बसतात आणि पृष्ठभागाला तो ओळखीचा खवलेदार खरखरीतपणा येतो. पोतं त्यावर ठेवलं की जागचं हलत नाही. मास्किंग टेप थर ओला असतानाच काढावा. वाळल्यावर काढला तर कड फाटते आणि फाटलेल्या कडेखाली पाणी जातं. बोल्टांच्या डोक्यांवर आधीच गोल टेप लावलेला असतो, पुढे कधीतरी हौदा पुन्हा उचलावा लागणारच.

लोक आता अख्खे ट्रक लायनरने रंगवतात: केबिन, बॉनेट, दरवाजे. डेंटरचा खर्च वाचतो आणि जुने पोचे खरखरीत थरात दिसत नाहीत. एफ-१००सारख्या गाडीला असं करू नये, हे माझं पक्कं मत आहे. हा थर काढायचा म्हणजे हीट गन आणि पातं घेऊन बसायचं, आणि त्यात खालचा रंगही जातो. एका डब्यातले बरेचसे स्वस्त काळे लायनर अ‍ॅरोमॅटिक असतात, उन्हाने ते राखाडी आणि पिठूळ होतात. हौद्यात ते चालतं, बॉनेटवर नाही. दरवाजाच्या पट्टीवर कारखान्याने रंगाचा संकेत ठोकून दिलेला आहे. पुढे ज्याच्याकडे हा ट्रक जाईल त्याला तो संकेत वाचून मूळ रंग परत आणता आला पाहिजे. फाळक्याच्या बाहेरच्या अंगाला पत्र्यात उठवलेली फोर्डची चार अक्षरंही अशीच मोकळी ठेवावीत. त्याची फक्त आतली बाजू लायनरला द्यावी.

थर कोरडा वाटला तरी जड सामान लगेच टाकू नका, त्याला पुरतं पक्कं व्हायला काही दिवस लागतात. आणि दर वसंतात, मिठाचा मोसम संपला की, बागेचा पाइप घेऊन ट्रकखाली शिरा आणि त्या आडव्या पट्ट्यांच्या फटी गोड्या पाण्याने धुऊन काढा. तिथे लायनर पोहोचत नाही.