जहाजाची यादी आणि त्र्यंबकची वही

नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, परगणा, गाव, जहाज, उतरल्याची तारीख. मॉरिशसला गेलेल्या गिरमिटिया मजुराची सरकारी नोंद एवढ्या रकान्यांत संपते. पूर्वजांचा शोध घेणारी बहुतेक माणसं त्यातलं नाव आधी वाचतात. मी जिल्हा आणि गाव आधी वाचतो, नाव सगळ्यात शेवटी. सारख्या नावाची माणसं एकेका जहाजात चार-चार सापडतात. नावावरून माग काढायला गेलं की भलत्याच घराच्या उंबऱ्याशी जाऊन उभं राहायची वेळ येते.

कलकत्त्याहून निघालेल्या 'अ‍ॅटलस' जहाजातून २ नोव्हेंबर १८३४ रोजी ३६ मजूर पोर्ट लुईला पोहोचले आणि उसाच्या मळ्यांसाठीची ही भरती सुरू झाली. पुढच्या पाऊण शतकात साडेचार लाखांच्या आसपास माणसं हिंदुस्थानातून तिथं गेली. ज्या धक्क्यावर त्यांना उतरवून घेत, तो 'आप्रवासी घाट' २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे. बहुतेक मजूर कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेले. मुंबईहून गेलेले त्या मानाने थोडे, पण आपली मराठी माणसं त्यांच्यातच आहेत. त्या सगळ्यांची रजिस्टरं मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवली आहेत.

नाशिक जिल्ह्यातलं विंचूरच घ्या. हे सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकरांच्या जहागिरीचं गाव. पानिपतावर गेलेल्यांच्या गोष्टी इथं अजून अभिमानाने सांगितल्या जातात. पाच वर्षांचं गिरमिट, म्हणजे करार, करून समुद्रापार गेलेल्या गड्याची गोष्ट कुणी सांगत नाही. त्याच्यामागे वाडा नव्हता, सनद नव्हती. त्याच्या जाण्याचा लेखी पुरावा राहिला तो परक्या कारकुनाच्या हातचा. म्हणून ही रजिस्टरं मला मोलाची वाटतात.

अशीच एक ओळ मॉरिशसच्या एका कुटुंबाने माझ्याकडे पाठवली. पूर्वजाचं नाव इथं देत नाही, वंशज हयात आहेत. उंची पाच फूट दोन इंच, डाव्या कोपरावर भाजल्याची खूण. गावाच्या रकान्यात 'विनचोर', जिल्ह्याच्या रकान्यात 'अहमदनुग्गुर'. कुटुंबाने बरीच वर्षं नगर जिल्ह्यात चौकशी केली होती आणि हाती काही लागलं नव्हतं.

जुनी यादी वाचताना आजचा नकाशा मिटून ठेवावा लागतो. नाशिक हा स्वतंत्र जिल्हा झाला १८६९ मध्ये. त्याआधी गेलेला विंचूरचा माणूस कागदोपत्री नगरचाच असणार. पण तेवढ्यावर भागत नाही. फलटणजवळ विंचुर्णी आहे, सिन्नर तालुक्यात विंचूर दळवी आहे. फलटण संस्थानात होतं, म्हणून विंचुर्णी बाजूला ठेवता आली. सिन्नरचा भाग मात्र तेव्हा नगरकडेच, त्यामुळे विंचूर दळवीचा दावा कायम राहिला. परगण्याच्या रकान्याने निकाल लागला असता, पण तिथली शाई फुटलेली. जहाजाच्या यादीने जेवढं सांगायचं तेवढं सांगून झालं होतं. पुढचं उत्तर इथंच, नाशिक जिल्ह्यात शोधायला हवं होतं.

त्यासाठी त्र्यंबकेश्वर गाठलं. श्राद्धाला, सिंहस्थाला येणाऱ्या यजमानाची वंशावळ तीर्थोपाध्ये गावनिशी वहीत उतरवून घेतात. आलेल्याचं नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे. पुढची पिढी आली की आधीच्या नोंदीखाली तिची नावं चढतात. जुनी पानं मोडीत आहेत आणि साल शकात. त्यात ७८ मिळवले की साधारण इसवी सन निघतो. मोडी सलग वाहणारी, शब्द तोडून लिहायची पद्धत नाही. म्हणून मी ओळ आधी हळू आवाजात म्हणतो. डोळ्याला न सुटलेलं नाव पुष्कळदा जिभेवर सुटतं.

गुरुजींनी विंचूरचं बाड काढून दिलं. बरंच चाळल्यावर एका पानावर बापाचं नाव जुळलं, जातही जुळली. चार भाऊ लिहिलेले. तिघांच्या नावाखाली मुलगे, नातू, पुढे पणतू. चौथ्याचं नाव यादीतल्या माणसाचंच, आणि त्याच्याखाली पान कोरं.

मन लगेच धाव घेतं, आणि त्याला तिथंच आवर घालणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. चौथा भाऊ लहानपणी वारला असेल. निपुत्रिक राहिला असेल. जहाजाची यादी एकट्या माणसाचं शरीर नोंदवते, वही घराणं नोंदवते. कोपरावरची खूण वहीत नसते आणि भावांची नावं यादीत नसतात. मी कुटुंबाला कळवलं: शक्यता दाट आहे, खात्री नाही. ते तरीही आले. त्र्यंबकला नोंद करताना मी गुरुजींना विनंती केली की नव्या नावांबरोबर जहाजाचं नाव, उतरल्याची तारीख आणि मजुराचा नंबर लिहावा, आणि 'पडताळणी बाकी' असंही लिहावं. उद्या कुणाला दुसरा पुरावा मिळाला, तर त्याला आमची वाट तपासता आली पाहिजे.

सगळ्यांचाच माग वहीत लागत नाही. ज्या नाशकात दलितांना १९३० मध्ये काळाराम मंदिराच्या दारासाठी सत्याग्रह करावा लागला, तिथं कित्येक घरांची वंशावळ कुणी मांडून ठेवली असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. तिथं वतनाचे कागद बघायचे, आणि गावच्या जन्ममृत्यूचं रजिस्टर, म्हणजे आपलं कोतवाल बुक. कुणबी नोंदींच्या निमित्ताने अलीकडे गावोगावी ही बुकं फडताळातून बाहेर निघाली, मोडी वाचणाऱ्यांना बोलावणी आली. गेलेल्या माणसाचं नाव त्यात नसेलही, पण मागे राहिलेल्या भावाचा मृत्यू, पुतणीचा जन्म सापडू शकतो. तेवढ्या धाग्यावरही घर ओळखू येतं.

एका बाबतीत मात्र परक्या कारकुनाने आपल्यापेक्षा न्याय्य काम केलं आहे. मॉरिशसच्या रजिस्टरात बाई नवऱ्याच्या ओळीत कोंबलेली नाही. तिला स्वतःचा नंबर आहे, तिच्या बापाचं नाव आहे, तिचं गाव आहे. तो नंबर मळ्यावरच्या हिशेबासाठी दिलेला होता, माणुसकीपोटी नव्हे, हे मी विसरत नाही. तरी आज तिची पणती तिच्यापर्यंत पोहोचते ती त्या नंबरामुळेच. आपल्या वह्यांत ती पोहोचू शकली नसती. कारण तिथं पिढ्या चालल्या त्या मुलग्यांच्या नावाने. लेक सासरी गेली की वहीतून गेली. समुद्र न ओलांडताही आपण आपल्या निम्म्या माणसांचा ठावठिकाणा असा पुसून टाकला.

ही चूक सुधारणं आपल्या हातात आहे, आणि त्याला कुठल्या परदेशी दफ्तराची गरज नाही. त्र्यंबकला किंवा नाशकात गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, गेलात तर उपाध्यांकडे आपली वही निघते का ते विचारा. जुनं पान वाचून घ्या. मग आपली नोंद करताना लेकीचं, सुनेचं, बहिणीचं नाव सांगा, तिचं माहेर आणि ती आज जिथं राहते ते गाव सांगा, मग ते येवला असो की टोरांटो. गुरुजी लिहितात. सांगणारा हवा.