सिस्टरची पॉलिसी

रायपुरात विम्याचा एजंट डॉक्टरांच्या केबिनबाहेर तासन्‌तास बसेल, वॉर्डाकडे फिरकणार नाही. प्रोफेशनल इन्डेम्निटी, म्हणजे कामातल्या चुकीवरून होणाऱ्या दाव्यांचा विमा, ही डॉक्टरांची गोष्ट, असंच सगळे धरून चालतात. नर्सिंगच्या मुलींपुढे विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "मॅडम, हॉस्पिटलची पॉलिसी आहे ना!"

आहे. भरपाईचा दावा बहुतेक वेळा हॉस्पिटलवरच होतो, हेही खरं. दिल्लीच्या स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या प्रकरणात नर्सने लहान मुलाला चुकीचं इंजेक्शन शिरेतून दिलं, त्याचा मेंदू कायमचा निकामी झाला. साडेसतरा लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये कायम केली, हॉस्पिटलची त्यातून सुटका झाली नाही. पण हॉस्पिटलचा वकील हॉस्पिटलला वाचवायला उभा असतो. "ऑर्डर बरोबर होती, सिस्टर चुकली" हे म्हणणं त्याच्या सोयीचं झालं की सिस्टर एकटी.

६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली, अकरा रुग्ण गेले. तीनच दिवसांत एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका अटकेत होत्या. खटल्याचं व्हायचं ते होवो. जामिनासाठी वकील कुणी द्यायचा? आता तर कायदाही आम्हा नर्सेसबाबत कडक झाला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे निष्काळजीपणाने मृत्यू ओढवला तर पाच वर्षांपर्यंत कैद; उपचार करताना तो नोंदणीकृत डॉक्टरकडून झाला तर दोनच वर्षांपर्यंत. नोंदणीकृत डॉक्टरच्या व्याख्येत नर्स बसत नाही. फोनवरून ऑर्डर देणाऱ्याला दोन, ती पाळणारीला पाच! हे मला अजून पचलेलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे : स्वतःची पॉलिसी घ्या. ब्रिटनमध्ये २०१४ पासून असं संरक्षण, स्वतःचं किंवा हॉस्पिटलचं, असल्याशिवाय नर्सला काम करता येत नाही. मात्र रकमेचा आकडा पाहून भुलू नका. दंड कोणतीही पॉलिसी भरत नाही, निलंबनही टाळत नाही. फौजदारी प्रकरणात वकिलाचा खर्च मिळतो का, मिळाला तर केव्हा, हे आधी वाचा. आणि पॉलिसी असो वा नसो, रात्री दोनला फोनवर पोटॅशियमची ऑर्डर आली तर मात्रा वाचून दाखवा, नोट्समध्ये वेळ आणि डॉक्टरचं नाव लिहा, सकाळी सही घेतल्याशिवाय ड्युटी सोडू नका. नोंद नसेल तर विमा कंपनीचा वकील तरी काय दाखवणार?

कंत्राटी मुलींनी आणखी एक बघावं. त्या वर्ष-दोन वर्षांत हॉस्पिटल बदलतात आणि पॉलिसी सोडून देतात. पण या पॉलिसीत बहुधा दावा येतो तेव्हा ती चालू असावी लागते. जुन्या वॉर्डातल्या घटनेची नोटीस नव्या नोकरीत हातात पडली, तर आधी भरलेले हप्ते पाण्यात.