उत्तर आहे, पण रीत कुठे?

आपल्या समाजात औषध सांगणाऱ्यांचा तुटवडा कधीच नव्हता. साधी शिंक आली, तरी शेजारच्या काकूंचा काढा, नानांचे चाटण आणि एस. टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांचा रामबाण उपाय अशी तिहेरी सोय होते. पण त्या जुन्या सल्ल्यात एक बरे होते. काकूंचा काढा लागू पडला नाही, तर दुसऱ्या दिवशी भिंतीवरून हाक मारून त्यांना तसे सांगता येई. आता सल्ला मोबाइलवर येतो. त्याला भिंतही नाही आणि काकूही नाहीत. कोणी लिहिला, कधी लिहिला, कशावरून लिहिला, काही पत्ता लागत नाही. खाली एवढेच असते : "१० जणांना पाठवा, पुण्य लागेल."

मी शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे माझी गाडी गेली नाही. कादंबरीतल्या माणसांना आजारी पाडणे आणि बरे करणे, एवढाच माझा वैद्यकाशी संबंध. नायिकेला तीन प्रकरणे तापात ठेवून चौथ्यात मी उठवून बसवतो. तेथे मला जाब विचारणारे कोणी नसते. पण गणिताच्या वह्या तपासताना मी एक गोष्ट शिकलो आहे. पोराने नुसतेच उत्तर लिहिले, तर ते बरोबर असले तरी मी लाल शाईने विचारतो : "रीत कुठे?" उत्तर कुठूनही उतरवता येते. रीत मात्र मांडून दाखवावी लागते, आणि मांडली की कोणालाही तपासता येते.

हाच प्रश्न गेल्या पावसाळ्यात घरात विचारण्याची पाळी आली. माझी आत्या लातूरकडच्या एका खेड्यात राहते. कित्येक वर्षांचा मधुमेह. रोज इन्शुलिनची सुई. तिच्या फोनवर कुणीतरी मजकूर धाडला : अमुक पाल्याचा रस २१ दिवस घ्या, मधुमेह मुळासकट जाईल, सुई आजच बंद करा. आत्या म्हणाली, "आरं, रोज सुई टोचून जीव विटलाय बघ. शिकल्यासवरल्या माणसाचं लिहिणं दिसतंय. करू का बंद?"

"मुळीच नको" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पण नुसता नकार म्हणजे रीत नसलेले उत्तरच. आणि येथे गुण जाणार नव्हते, माणूस जाण्याची भीती होती. इन्शुलिन एकाएकी सोडले तर रक्तातली साखर चढत जाते, आणि काही रोग्यांच्या रक्तात आम्ल साठून थोड्याच अवधीत जिवावर बेतते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुई चुकवायची नाही, हे आधी तिच्याकडून कबूल करून घेतले. मग आम्ही बोलायला बसलो.

आत्याची शाळा चौथीपर्यंतची. पण बियाणे घेताना तिला फसवील असा दुकानदार अजून जन्मायचा आहे. मी विचारले, "आत्या, सोयाबीनच्या पिशवीवर तू काय बघतेस?"

"कंपनीचं नाव, लॉट नंबर, तपासल्याची तारीख, उगवण किती टक्के. आन् पावती, पिशवी रास होईस्तोवर जपून ठेवायची. उगवलं न्हाई तर भांडायला कागद लागतो."

"उगवण किती लिहितात?"

"सत्तर."

प्रमाणित सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, असाच नियम आहे. मी पुढे विचारले, "आणि कुणी छातीठोक शंभर टक्के सांगितली तर?"

आत्या हसली. "त्यो लबाड."

मग तिने चष्मा लावून तो मजकूर पुन्हा वाचला. नाव नाही, तारीख नाही, तपासणी नाही, आणि उगवण मात्र शंभर टक्के! सुई चालू राहिली. पुढच्या खेपेस तिने तो मजकूर डॉक्टरांनाच नेऊन दाखवला, याचे मला अधिक कौतुक वाटले. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ सालच्या कायद्याने मनाई केली. पण निनावी मजकुरावर समन्स बजावायचे कोणत्या पत्त्यावर?

वाचक म्हणतील, मग खऱ्या बियाण्याचे दुकान तरी सांगा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाचे 'मेडलाइनप्लस' हे संकेतस्थळ १९९८ सालापासून सामान्य माणसांसाठी चालू आहे. आजार, औषधे, तपासण्या यांची साधी माहिती तेथे मिळते. जाहिराती नसतात, आणि माहिती केव्हा तपासली त्याची तारीख दिलेली असते. त्याच ग्रंथालयाचे 'पबमेड' ही मात्र शोधनिबंधांची अवाढव्य सूची आहे. सूचीत नाव आहे म्हणून निबंध खरा, असे समजू नये. हजेरीपटावर नाव असलेला प्रत्येक मुलगा पास होतोच असे नाही!

१९९८ सालीच 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात १२ मुलांवरचा एक निबंध आला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या लशीचा स्वमग्नतेशी संबंध असावा, असे त्याने सुचवले. तुलनेसाठी दुसरी मुले घेतलीच नव्हती. घाबरलेल्या अनेक आईबापांनी लस टाळली. पुढे लाखो मुलांच्या पाहणीत तसा संबंध आढळला नाही, आणि २०१० साली नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. सूचीत तो आजही आहे, पण 'मागे घेतलेला' हा शिक्का कपाळी घेऊन.

उलट १७४७ साली जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टराने स्कर्व्ही झालेले १२ खलाशी घेतले, त्यांच्या ६ जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला निराळा उपाय दिला. संत्री-लिंबे खाणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. आकडा दोन्हीकडे १२, फरक रीतीचा. आता तर एका चाचणीवरही शहाणे लोक भिस्त ठेवीत नाहीत. १९९३ साली स्थापन झालेली 'कॉक्रेन' ही संस्था एकेका प्रश्नावरच्या चाचण्या गोळा करते, त्यांतल्या पक्क्या-कच्च्या निवडते, आणि पुष्कळदा प्रांजळपणे सांगते : पुरावा अपुरा आहे.

अडचण आहे ती भाषेची. ही सावध माणसे बहुधा इंग्रजीत बोलतात. थापा मात्र गोड मराठीत येतात, अगदी आपल्या आजीच्या शब्दांत. मी शब्दकोश उशाशी घेऊन एकेक पान लावतो. एका संध्याकाळी एकच पान होते, पण तेवढे आत्याला मराठीत सांगता येते. घरोघरी असे एखादे माणूस निघाले, तर पुष्कळ जीव वाचतील.

यंदाही फराळाच्या ताटाभोवती कुणीतरी पाहुणे अक्सीर उपाय सांगतीलच. त्यांचा अपमान करू नये. आपुलकीनेच सांगत असतात बिचारे. आणखी एक चकली वाढावी, आणि ती खाऊन होईपर्यंत हळूच विचारावे : "रीत कुठे?"