तांब्याभर पाणी आणि भोपळ्याचा वेल

वाचकहो, आपल्या घरी एखादी वृद्ध व्यक्ती दिवसभर एकाच खुर्चीत बसून असेल. कदाचित ती व्यक्ती आपण स्वतःच असाल. तिच्या हाताला काम नसते, कारण घरच्यांनी ते काळजीपोटी एकेक करून काढून घेतलेले असते. माझ्या घरी हेच घडले आणि घडवणारी मीच होते.

माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते, सत्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांचा सारा संसार गंगाखेड तालुक्यातील गोदाकाठच्या गावी झाला. मामंजी गेल्यावर त्या परभणीला आमच्याकडे आल्या. पुढे डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले. एकदा त्यांनी गॅस उघडाच ठेवला, तेव्हा मी त्यांना स्वयंपाकघर बंद केले. मग विळी लपवली. पाय घसरेल म्हणून झाडू घेतला, खडे राहतात म्हणून निवडायचे सूप घेतले. एका दुपारी स्वतःच्या तळव्यांकडे पाहत त्यांनी विचारले, “माझं काही काम राह्यलंय का गं?” मी म्हणाले, “काही नाही आत्याबाई, तुम्ही निवांत बसा.” हे उत्तर मी तेव्हा समाधानाने दिले होते. आज ते आठवले की मान खाली जाते.

त्याच उन्हाळ्यात मी लाल भोपळा चिरत होते. आमच्याकडे कोणी त्याला काशीफळ म्हणते, कोणी डांगर. बियांचा गर डब्यात टाकणार, तोच आत्याबाईंनी माझे मनगट धरले. त्यांनी बिया वेगळ्या केल्या, धुतल्या, उदबत्तीच्या ताटलीतली राख चोळली आणि वर्तमानपत्रावर सावलीत पसरल्या. कित्येक महिन्यांत प्रथमच त्यांनी कोणी न सांगता काही केले होते. त्या बिया परसात लावायच्या, हे मी तेव्हाच ठरवले.

बाजारातील भोपळ्याच्या बिया उगवतात; मात्र तो संकरित वाणाचा असेल, तर पुढचे फळ त्याच्यासारखे निघेलच असे नाही. खात्रीचे पीक हवे असल्यास पुसा विश्वास किंवा अर्का चंदन यांसारखे सुधारित सरळ वाण घ्यावेत, अथवा ओळखीच्या शेतकऱ्याकडून गावरान बी मागावे. दुकानातील बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेले असते व त्याचा रंग गुलाबी किंवा निळा दिसतो. असे बी स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीच्या हाती देऊ नये, ते तोंडात जाऊ शकते. आमच्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे आणि खरिपाच्या तोंडावर शेतकरी तिथे बियाण्यासाठी येतात. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री सन्मान जाहीर झाला, तेव्हा मला आत्याबाईंच्या पिढीतल्या असंख्य बायका आठवल्या. घरोघरच्या उतरंडीत आणि पुरचुंडीत बी त्यांनीच तर सांभाळले.

मृगाचा पहिला पाऊस झाल्यावर आम्ही दीड फूट लांब-रुंद व तितकाच खोल खड्डा घेतला. त्यात कुजलेले शेणखत मिसळले आणि इंचभर खोल तीन बिया टोकल्या. भोपळ्याचे बी साधारण आठवड्यात उगवते. आमचे दहा दिवस झाले तरी उगवेना. माती उकरली, तर बी कुजलेले निघाले. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. आणि आत्याबाई, आपण पाणी घातले हे विसरून, दिवसातून पाच-सहा वेळा पाणी घालत होत्या. मी कपाळाला हात लावला. त्याच म्हणाल्या, “एवढं पानी कोन पाजलं? बी काय म्हैस हाय का?” त्या क्षणी मला हसू आवरले नाही आणि त्यांनाही. घरात असे हसू बऱ्याच दिवसांनी उमटले होते.

पाणी घालू नका, असे मी त्यांना सांगू शकले असते. मग तेही काम गेले असते. त्याऐवजी मी एक उपाय केला. जमिनीपेक्षा वीतभर उंच मातीचा ढीग करून त्यावर नवे बी लावले आणि रोज सकाळी दारात पाण्याने भरलेला एकच तांब्या ठेवू लागले. ज्या दिवशी पाऊस पडे, त्या दिवशी तांब्यात दोन घोट पाणी. तांब्या रिकामा झाला की काम संपले. त्यांना काही लक्षात ठेवावे लागत नव्हते आणि मला काही नाकारावे लागत नव्हते. रुग्णाची सेवा करणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगेन: काम काढून घेण्याआधी, ते काम चुकणारच नाही अशा रीतीने मांडता येते का, ते पाहा.

सातव्या दिवशी दोन रोपे वर आली. सशक्त ते एक ठेवले. वेल चालू लागला तसा तो आम्ही कुंपणाच्या तारेवर चढवला, कारण जमिनीवर पसरलेल्या पानांखाली पावसाळ्यात विंचू-साप दडतात. परसात जाताना दोघींच्या पायांत बंद चपला, अंगात लांब बाह्यांचे झंपर. भोपळ्याच्या पानांची लव खाजते. आत्याबाईंसाठी वेलाजवळ पाठीची खुर्ची ठेवली. तांबडे भुंगेरे कोवळी पाने खाऊ लागले, ते सकाळी लवकर, ते सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात टाकले. विषारी कीटकनाशक घरात आणले नाही. ज्या घरात विसरणारी व्यक्ती असते, त्या घरात अशी बाटली नसलेली बरी.

श्रावणात फुले आली. आधी येतात ती नुसती नरफुले. ती गळतात म्हणून घाबरू नये. नरफूल लांब बारीक देठावर असते, मादीफुलाच्या बुडाशी मात्र इवलासा भोपळा दिसतो. फुले पहाटे उमलतात आणि ऊन चढले की मिटतात. मधमाश्या कमी असतील, तर सकाळी लवकर नरफूल तोडावे, पाकळ्या काढाव्यात आणि मधला परागांचा दांडा मादीफुलाच्या मध्यभागी हळुवार फिरवावा. हे मी त्यांना शिकवणार होते. त्यांनी फुलाकडे बोट दाखवून मलाच सांगितले, “ही पोरगी हाय. पोटाशी भोपळा बघ की.” नातवाचा फोटो ओळखू न शकणारी नजर फूल मात्र अचूक ओळखत होती. त्यांची थरथरती बोटे ते काम माझ्याहून सफाईने करत.

पाच फळे धरली. आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी, मी वाण्याकडे गेले असताना, आत्याबाईंनी त्यांतली तीन कोवळी फळे तोडली. सोळा भाज्यांत काशीफळ हवे, हे त्यांना आठवले होते. मी त्यांच्यावर ओरडले. “एवढी मेहनत वाया घालवली!” त्या काही बोलल्या नाहीत, संध्याकाळी जेवल्याही नाहीत. का रुसलो, हे त्या रात्रीपर्यंत विसरल्या असतील. पण दुःख तसेच चेहऱ्यावर राहिले होते. आठवण पुसली गेली तरी मनावरचा ओरखडा राहतो, हे मला त्या रात्री कळले. मी कोणासाठी भोपळा लावला होता? भोपळा आत्याबाईंसाठी होता. आत्याबाई भोपळ्यासाठी नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्या तीन फळांची भाजी नैवेद्यात होती आणि पहिला घास मी त्यांना भरवला.

उरलेल्या दोनांपैकी एक फळ फळमाशीने खराब केले, दुसरे पिकले. नख रुतत नाही इतकी साल कडक झाली आणि देठ वाळला की भोपळा तयार समजावा. दोन बोटे देठ ठेवून काढला आणि कोरड्या, हवेशीर जागी ठेवला, तर तो दोन-तीन महिने टिकतो. आम्ही कोजागिरीला तो चिरला. त्याची भाजी झाली, दह्यातले भरीत झाले, गूळ घालून घारगे झाले.

ज्येष्ठांच्या आहारात लाल भोपळा सोयीचा आहे. तो मऊ शिजतो, दात नसले तरी खाता येतो. त्याच्या केशरी गरातील बीटा-कॅरोटिनचे शरीरात अ जीवनसत्त्व बनते. ते नीट शोषले जावे म्हणून फोडणीत थोडे तेल असावे. गिळताना ठसका लागत असेल, तर भाजी घोटून द्यावी. मधुमेह असणाऱ्यांनी वाटीभर भाजी खाण्यास हरकत नसते, घारगे मात्र चवीपुरतेच. भोपळ्यात पोटॅशियम असते, म्हणून मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारावे. आणि कोणताही भोपळा चिरल्यावर कडू लागला, तर तो टाकून द्यावा. शिजवूनही तो कडवटपणा जात नाही व त्याने विषबाधा होऊ शकते.

आपण विचाराल, वेलामुळे आत्याबाईंची स्मृती सुधारली का? नाही. तिन्हीसांजेला त्या अजूनही “मला घरी जायचंय” म्हणून दाराशी येतात. वेलाकडे नेले की कधी त्या शांत होत, कधी होत नसत. सुधारली ती आमची सकाळ. कोवळे ऊन, चार पावले चालणे, हाताला काम आणि दोघींना बोलायला एक विषय, एवढे आम्हांला मिळाले. दिवसभर त्यांच्यामागे फिरून मीही थकले होते. सकाळचा तो अर्धा तास मलाही श्वास घेऊ देत असे.

परस नसेल, तर गच्चीत उन्हाच्या जागी गोणीएवढी मोठी पिशवी मातीने भरून एक वेल लावता येतो. तेही न जमल्यास कुंडीत मेथी पेरा. पीक कोणते, हा प्रश्न दुय्यम आहे.

त्या भोपळ्याच्या बिया आत्याबाईंनी पुन्हा राखेत घोळल्या, पुरचुंडी बांधली आणि कुठे ठेवली ते विसरल्या. आम्ही घर धुंडाळले. मार्गशीर्षात उशीचा अभ्रा बदलताना ती सापडली. मी ती डब्यात ठेवायला निघाले, तर त्यांनी हात पुढे केला. मी पुरचुंडी परत उशीखाली ठेवली. मृगाला अजून अवकाश आहे. तांब्या मात्र मी घासून ठेवला आहे.