मेसच्या दारातले काका आणि टर्बो

मंडळी, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे; ह्रस्व-दीर्घ रूममेटच्या कृपेने. विषय मात्र पक्का मेकॅनिकलचा आहे.

माझा मावसभाऊ मेलबर्नला असतो. त्याच्या जुन्या सुबारू डब्ल्यूआरएक्सला त्याने मोठा टर्बो बसवलाय. तिथल्या मित्रांनी त्याच्या डोक्यात भरवलं, की हवा मोजणारा एमएएफ सेन्सर काढून टाक, वाटेत उगाच अडथळा! दादाने मला फोन केला. इंजिन गेलं तर त्याची दोन वर्षांची बचत जाणार, म्हणून मीही गंमत सोडून पुस्तकं उघडली.

हा सेन्सर म्हणजे आपल्या मेसच्या दारात रजिस्टर घेऊन बसणारे काका. त्यातली तापलेली तार आत जाणाऱ्या हवेने गार होते. ती तेवढीच गरम ठेवायला किती करंट लागतो, त्यावरून ईसीयूला हवेचं वस्तुमान कळतं आणि त्या हिशोबात पेट्रोल सुटतं. घोळ एकच. सही करून कोणी मागच्या दाराने सटकला, तरी त्याच्या पोळ्या लाटल्या जातातच! ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने मोजलेली हवा बाहेर सोडली, की गिअर बदलताना पेट्रोल जास्त होतं ते यामुळेच.

काकांना उठवलं तर? मग हॉलमधली गर्दी बघून अंदाज करायचा: मॅनिफोल्डचा दाब, हवेचं तापमान, आरपीएम आणि सिलिंडर प्रत्यक्षात किती भरतो याचं टेबल. याला स्पीड-डेन्सिटी म्हणतात. पद्धत वाईट नाही, कित्येक गाड्या कंपनीतूनच तशा येतात. पण दाब तोच ठेवून हवा २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसला गेली, तर तेवढ्याच जागेतलं वस्तुमान साधारण १२ टक्के घटतं. आणि दादाच्या गाडीत तापमानाचा सेन्सर एमएएफच्या पोटातच आहे! म्हणजे इंटरकूलरनंतर नवा बसवणं आलं. उद्या मोकळा एक्झॉस्ट लावला तर टेबल जुनं, हवा जास्त, पेट्रोल कमी. बूस्टवर पेट्रोल कमी पडलं की नॉकिंग, आणि मग पिस्टनच जायचा.

अडथळ्याची गोष्ट मला काही पटली नाही. सिग्नल ५ व्होल्टला टेकला, की त्यापुढची हवा सेन्सरला दिसतच नाही. तसं होत असेल तर बोलू, म्हटलं. आधी फुल बूस्टचा लॉग पाठव.

लॉग आला. सगळ्यात जास्त ४.३ व्होल्ट. सेन्सर जागेवर आहे. मावशीने मात्र विचारलंय, त्यापेक्षा टर्बोच काढता येईल का?