तुटक रेषा

पहिल्या वर्षाच्या मुलांना ड्रॉइंग शिकवायला लागते तेव्हा पहिल्या तासाला मी फळ्यावर एक्स-वाय रेषा काढत नाही. पुण्याजवळच्या पिरंगुटच्या एखाद्या वर्कशॉपमधून मागून आणलेला लोखंडी तुकडा बरोबर नेते. साधा ब्रॅकेट असतो. काटकोनात वळलेला, तळाला दोन भोकं, उभ्या भागात एक मोठं भोक, मागे आधाराला तिरकी पट्टी. दोन मुलांना पाठीला पाठ लावून बसवते. एकाच्या हातात तुकडा, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद आणि पेन्सिल. पहिल्याने नुसतं तोंडाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकून काढायचं.

सुरुवात झोकात होते. मग गाडी अडते. "वरच्या बाजूला एक भोक आहे." "वरच्या म्हणजे? तू कुठून बघतोयस?" "समोरून." "समोर कुठलं? मी तर तुझ्या पाठीमागे आहे." वर्ग शांत होतो. मुलं मराठीत बोलोत, हिंदीत बोलोत की इंग्रजीत, शब्द तिथेच संपतात. कुठून बघायचं हे आधी ठरल्याशिवाय एका साध्या ब्रॅकेटचंही वर्णन करता येत नाही, हे त्यांना स्वतःच कळतं. माझ्या दृष्टीने विषय तिथे सुरू होतो.

पुस्तकं अशी सुरू होत नाहीत. आधी रेषांचे प्रकार, अक्षरलेखन, स्केल, वक्र. मग बिंदूचं प्रक्षेपण, मग रेषेचं, मग प्रतलाचं आणि शेवटी घनाकृती. तर्काला हा क्रम पटतो, कारण बिंदूवाचून रेषा नाही आणि रेषेवाचून पृष्ठभाग नाही. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या हातात बिंदू कधी आलेलाच नसतो. हवेत तरंगणारी, एचपीला म्हणजे आडव्या प्रतलाला तीस अंश आणि व्हीपीला म्हणजे उभ्या प्रतलाला पंचेचाळीस अंश कललेली रेषा तो पाठ करतो, परीक्षेत उतरवतो आणि विसरतो. वस्तू आधी यावी आणि बिंदू तिच्या कोपऱ्यात सापडावा, असं मला ठामपणे वाटतं. हे मी कुठल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून घेतलेलं नाही. घरातून घेतलं आहे.

मी लहान असताना चांदणी चौक सोडून भूगाव, भुकूम मागे टाकून घाट उतरलं की पिरंगुट म्हणजे भाताची खाचरं होती. पावसात सगळा मुळशीचा पट्टा पाण्याखाली उभा असल्यासारखा दिसायचा. मग पौड रस्त्याच्या कडेने, घोटवडे फाट्याच्या आसपास, उरवड्याच्या बाजूला एकेक शेड उभी राहायला लागली. माझे वडील, अण्णा, पावसाळ्यात भात लावायचे आणि एरवी एका शेडमध्ये लेथवर टर्नर होते. त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्यांचा एक कागद असायचा. अमोनिया प्रिंट. पांढुरक्या कागदावर जांभळट निळ्या रेषा, कडांना ऑइलचे डाग आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. ते माझं पहिलं ड्रॉइंग.

मी त्याला चित्र म्हटलं तेव्हा अण्णा म्हणाले, "ह्ये चित्र न्हाई, बाय. निरोप हाय. चित्र आवडलं न आवडलं तरी चालतंय. निरोप कळलाच पायजे."

अण्णांची शाळा सातवीला सुटली होती. पण तीन बाजूंनी काढलेल्या त्या रेषा वाचताना ते बोट फिरवायचे, मग क्षणभर डोळे मिटायचे आणि वस्तू त्यांना दिसायची. मला ती दिसेना, म्हणून त्यांनी धुण्याच्या साबणाची वडी घेतली आणि सुरीने कापून तो आकार करून दिला. मग वडी समोर धरून विचारलं, ही तुटक रेषा कुठाय सांग. मला सापडली नाही. त्यांनी वडी उलटी केली. मागे खाच होती. समोरून जे दिसत नाही पण आहे, ते तुटक रेषेने सांगायचं असतं, हे मला साबणाच्या वडीवर कळलं. आपल्याला दिसत नाही म्हणून समोरच्यापासून लपवायचं नाही, हा शिष्टाचार इतर कुठल्या लिखाणात इतका काटेकोर पाळलेला मी पाहिलेला नाही.

आणखी एक गोष्ट ते कटाक्षाने पाळायचे. ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घ्यायचं नाही. कागद दमटपणाने ताणतो, वाळून आकसतो, प्रिंट काढताना सरकतो. लिहिलेला आकडा खरा. आणि एक माप एकाच ठिकाणी लिहायचं. दोन ठिकाणी लिहिलं आणि पुढे बदलताना एकाच ठिकाणी बदललं, तर मशीनवरच्या माणसाने कुणावर विश्वास ठेवायचा? नियम म्हणून ही कलमं आज मी फळ्यावर लिहिते तेव्हा त्यांच्यामागे मला तो मशीनवरचा माणूस दिसतो. निरोप धाडणारा तिथे नसतो. विचारायला जाता येत नाही. जे सांगायचं ते कागदानेच सांगायचं.

शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षा दिल्या. महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी त्या दिल्या असतील. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सगळ्यांना नकोसा वाटणारा भूमिती-अक्षरलेखनाचा पेपर. इंटरमिजिएटला त्यात घनभूमितीही असते. शंकू, प्रिझम, त्यांचे वरचे आणि समोरचे देखावे. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला जे शिकवतात त्याचा उंबरठा आपल्याकडे आठवी-नववीच्या चित्रकलेच्या सरांनी आधीच ओलांडून दिलेला असतो, पण कॉलेजात कुणी विचारत नाही की तुमच्यातल्या किती जणांनी इंटरमिजिएट दिली आहे. मी विचारते. ज्यांनी दिलेली असते त्यांचा हात स्थिर असतो आणि डोळाही.

कला आणि यंत्र यांच्यामधला हा रस्ता आपल्याकडे जुना आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले होते. काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते, म्हणून रंगचित्रण सोडावं लागलं. पण रेषा शाबूत होती. ते यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हीजेटीआयमध्ये तोच विषय शिकवू लागले. पुढे बेळगावला सायकली, मग लोखंडी नांगर, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. आपण उद्योजक लक्ष्मणराव लक्षात ठेवले. ड्रॉइंगचा मास्तर लक्ष्मणराव फारसा कुणाला आठवत नाही. मला तोच अधिक जवळचा वाटतो. जो माणूस नांगर बनवणार होता, त्याने आधी दुसऱ्यांना वस्तूकडे नीट बघायला शिकवलं होतं.

कॉलेजात मी मिनी ड्राफ्टर आणि शीटचा लांब डबा घेऊन पीएमटी बसच्या गर्दीत चढायची. एन. डी. भट्टांचं पुस्तक सगळ्यांकडे होतं. मुळशीच्या पावसाळ्यात शीट दमट व्हायची आणि टू-एच पेन्सिलने दाबून रेष काढली की कागद चरायचा. तेव्हाही जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंग, चालायची, आजही चालते. काचेखाली दिवा, काचेवर मित्राची शीट, वर आपली. मुलांना आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण वस्तू हातात न देता शीट मोजून घेतल्या की शीट मोजूनच मिळतात. निरोप कुणाला धाडायचा हे ठाऊक नसेल तर दुसऱ्याचा निरोप उतरवून काढण्यात त्यांना वावगं वाटणार तरी कसं?

सगळ्यात अवघड जातं ते प्रक्षेपण. पुस्तकात चार कोन, दोन प्रतलं आणि बाणांचं जंजाळ असतं. मी मुलांना वर्गाच्या कोपऱ्यात नेते. ब्रॅकेट भिंतीसमोर हवेत धरते. समोरून सरळ बघितलं की त्याची कड मागच्या भिंतीवर उमटते असं समजा, तो झाला समोरचा देखावा. वरून बघितलं की कड जमिनीवर उमटते, तो वरचा. आता भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे बिजागरी आहे असं धरा आणि जमीन खाली वळवून भिंतीच्या रेषेत आणा. वरून पाहिलेला देखावा खाली जातो. डावीकडून पाहिलेला उजव्या बाजूच्या भिंतीवर उमटतो, म्हणून उजवीकडे काढतात. ती बिजागरी म्हणजेच एक्स-वाय रेषा. आता ती फळ्यावर काढली तरी चालते. ही पहिल्या कोनाची पद्धत. भारतीय मानक ब्यूरोच्या एसपी ४६ या १९८८ च्या पुस्तिकेने शाळा-कॉलेजांसाठी तीच सांगितली आहे.

ही बिजागरी ज्याने पक्की बसवली तो गास्पार मोंज फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत काम करायचा. किल्ल्याची तटबंदी किती उंच ठेवली तर समोरच्या टेकडीवरच्या तोफांचा मारा आत पोचणार नाही, हे ठरवायला तेव्हा लांबलचक आकडेमोड लागे. मोंजने ते कागदावर रेषा काढून झटकन सोडवलं. लष्कराने ती रीत अनेक वर्षं गुपित ठेवली. राज्यक्रांतीनंतर १७९५ मध्ये पॅरिसला त्याने ती उघड शिकवली. सह्याद्रीच्या किल्ल्यांवर वाढलेल्या मुलांना तटबंदीची ही गोष्ट सांगितली की ती सरसावून बसतात. ज्या विद्येसाठी एकेकाळी शपथा घ्याव्या लागत, ती आता त्यांच्या टाइमटेबलमध्ये आहे.

नोकरीत दुसरी बाजू दिसली. अमेरिकेकडच्या गिऱ्हाइकाची ड्रॉइंग तिसऱ्या कोनात येतात. तिथे वरचा देखावा वर आणि डावा डावीकडे. कोपऱ्यातल्या छोट्या कापलेल्या शंकूच्या खुणेवरून पद्धत ओळखायची. एका कारखान्यात ती खूण न बघता ड्रॉइंग वाचलं गेलं आणि आरशातल्यासारखी उलट्या हाताची ब्रॅकेटं तयार झाली. माप प्रत्येक बरोबर होतं. एकही बसलं नाही. त्या ढिगाकडे बघत ऑपरेटर उभा होता तो चेहरा मला आजही वर्गात उपयोगी पडतो. ती खूण कागदावर नखाएवढी असते. तिच्यावर किती जणांची मेहनत उभी असते, हे मुलांना त्या चेहऱ्यावरून सांगता येतं.

पुढे ड्रॉइंग बोर्ड गेले, अमोनियाचं मशीन गेलं, ऑटोकॅड आलं. आता तर आधी संगणकात घन मॉडेल करायचं आणि देखावे आपोआप बाहेर पडतात. मग हाताने कशाला, हे पालकही विचारतात. संगणक देखावे देतो हे खरं. पण कुठला देखावा ठेवायचा, छेद कुठून घ्यायचा आणि माप कुठल्या कडेपासून द्यायचं, हे तो ठरवत नाही. २५ एच ७ असं भोकावर लिहिलं की ते २५.००० ते २५.०२१ मिलिमीटरच्या आत यायला हवं, म्हणजे सगळी सवलत केसाच्या जाडीहून कमी. ती सवलत गरज नसताना लिहिली तर तुकडा महाग होतो, गरज असताना विसरली तर यंत्र खडखडतं. माप कुठल्या कडेपासून द्यायचं हे तुकडा मशीनवर कुठे धरणार यावर ठरतं. हे ज्ञान पडद्यावर मिळत नाही. ते व्हाइसपाशी मिळतं.

छेदाचं प्रकरण आलं की मी मुलांना ताम्हिणीच्या रस्त्याने मुळशी तलावाकडे बघायला सांगते. पाण्याची कड म्हणजे आडव्या प्रतलाने डोंगर कापल्यावर मिळणारी रेषा. उन्हाळ्यात पाणी उतरतं तसे मागे पट्टे राहतात, एकाखाली एक घेतलेले छेद. समोच्च रेषा त्यांना क्षणात कळते. आणि मग मी हेही सांगते की ही रेषा आधी कागदावर होती. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उतरलेल्या मुळशीकरांसाठी ती त्यांच्या खाचरांतून आणि चुलींवरून जात होती. ड्रॉइंग शिकवताना हे सांगणं मला विषयाबाहेरचं वाटत नाही. रेषा जिथून जाते तिथे कुणीतरी असतं.

आज लवळ्याच्या टेकड्यांवर विद्यापीठं आहेत आणि खाली पिरंगुटच्या रस्त्यावर वर्कशॉपची रांग आहे. मधलं अंतर दुचाकीने थोड्या मिनिटांचं. तरी पहिल्या वर्षात ते फार कमी मुलं ओलांडतात. चौथ्या वर्षी प्रोजेक्टसाठी जातात, तेव्हा सवयी घट्ट झालेल्या असतात. ड्रॉइंगच्या शिक्षकांना माझं सांगणं एवढंच, की पहिली शीट लावण्याआधी मुलांना एखाद्या शेडमध्ये घेऊन जा. वर्कशॉपवाल्यांना विनंती की रिजेक्ट झालेले तुकडे भंगारात घालण्याआधी त्यातले चार कॉलेजला द्या. आणि ज्या मुलांनी यंदा मिनी ड्राफ्टर विकत घेतला आहे त्यांनी एखाद्या टर्नरला जाऊन विचारावं, काका, ड्रॉइंग हातात आलं की तुम्ही आधी काय बघता? सुटीच्या वेळेला गेलात तर तो नक्की सांगेल.