न दुखणारा आजार

१५०/९६. डोकं शांत, झोप गाढ, भूक नेहमीची. मग हा आकडा नेमका कुणाचा? डॉक्टरांनी पट्टा सोडून, पाच मिनिटं बसवून पुन्हा दाब मोजला. तेवढाच.

२०१७ साली सुरू झालेल्या उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आमचा सिंधुदुर्गही आला. आरोग्य केंद्रात महिनाभराच्या गोळ्या मिळतात, न फिरकणाऱ्याचा माग काढतात. मला गोळीपेक्षा हा माग काढणंच मोठं वाटतं. बरं वाटणाऱ्या माणसाला रोज औषध घ्यायला लावायचं, म्हणजे चिकाटीच हवी!

सकाळी ॲम्लोडिपिनची इवली पांढरी गोळी तळहातावर घेतो. भीती नाही, नुसतं परकेपण. हृदय इतकी वर्षं न सांगता चाललं होतं.

डॉक्टर म्हणाले, धाकट्या भावालाही तपासून घ्या. तो मुंबईत, कायम घाईत. गणपतीला येईल तेव्हा बघू.